टोचणीनंतरचा अर्धा तास

कल्याणहून निघालेला नगर रस्ता मुरबाड आणि टोकावडे मागे टाकून जेथे सह्याद्रीच्या उभ्या भिंतीखाली येऊन पोहोचतो, तेथे वैशाखरे हे गाव वसलेले आहे. गावापासून थोड्याच अंतरावर नाणेघाटाची वाट डोंगराला भिडते. कोकणातील बंदरांचा माल जुन्नरच्या बाजारपेठेत आणि जुन्नरचे धान्य बंदरांत ज्या वाटेने शतकानुशतके जात राहिले, ती ही वाट होय. आणि घाटमाथ्यावरचा तो पाषाणाचा रांजण जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता, अशी या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या समजूत आहे. माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा जो ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंची गणती हजारांच्या आकड्यांनी केलेली आढळते. गुरांची मोजदाद दगडात कोरून ठेवावी, इतके मोल ज्यांना होते, त्या लोकांच्या वाटेवर मीठ, भात आणि घाटावरची बाजरी पाठीवर वाहणारे बैलांचे तांडे वर्षानुवर्षे चढत-उतरत राहिले. परंतु जी वाट माल नेते, ती रोगही नेते. एकाही गोणीबरोबर दुसऱ्या मुलखाची व्याधी येथे आली नसेल, असे मानणे कठीण आहे.

या व्याधींत सर्वांत भयंकर ती बुळकांडी. आधी कडक ताप, मग डोळ्यांतून व नाकातून वाहणारे घाण पाणी, तोंडात फोड आणि व्रण, आणि शेवटी दुर्गंधीयुक्त हगवण, या क्रमाने आठ-पंधरा दिवसांत धडधाकट बैल दावणीतच आडवा होत असे. मुरबाड-शहापूरच्या डोंगरपट्टीत पावसाळा इतका प्रचंड, की साध्या जातीचे जनावर तेथे तगत नाही. त्यामुळे डांगी जातीची, तेलकट कातडीवरून पाणी ओघळून जाऊ देणारी, चिखलात न खचणारी गुरे येथील कुणब्याने, ठाकराने, महादेव कोळ्याने पारखून राखली. अशा घरी दोन बैल म्हणजे नुसती दोन जनावरे नव्हती. भाताची आवणी होणार की नाही, पुढच्या वर्षी सावकाराच्या वहीत नाव चढणार की नाही, याचा फैसला त्या दोन बैलांवर होता. ज्येष्ठात जोडी गेली तर आषाढात शेत पडीक राहिले, हे वेगळे सांगण्याची गरज कोणालाच नसे.

रोगाशी लढण्याची त्या काळची साधने आज आपल्याला अपुरी वाटतात, पण ती निर्बुद्ध नव्हती. मरीआईचा गाडा सजवून शिवेबाहेर नेऊन सोडण्याचा प्रघात होता. गावाची शीव बांधून बाहेरचे जनावर आत न घेण्याचा नियम होता. आजारी गुराला डागणी देणारे जाणते होते. आणि वाघबारशीला वाघोबाजवळ गुरांच्या रक्षणाचे मागणे मागितले जाई. यांपैकी शीव बांधण्याचा उपाय खरोखर शास्त्रशुद्ध होता, कारण बुळकांडीचा संसर्ग आजारी जनावराच्या निकट सहवासाने होतो आणि सहवास तुटला की रोगाची साखळीही तुटते. उलट गाडा पुढच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडल्याने पीडा शेजाऱ्याच्या माथी जात असे, आणि त्यावरून गावागावांत तंटे होत. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसे येथे पौष पौर्णिमेपासून खांबलिंगेश्वराची जी मोठी यात्रा भरते, तिच्यातील जनावरांचा बाजार सर्व ठाणे जिल्ह्यात प्रसिद्ध आहे. दूरदूरची खोंडे आणि बैल एकाच माळावर दाव्याशी दावे लावून बांधलेले असताना एखादे रोगट जनावर किती घरांचे नुकसान करून जाईल, याची कल्पना कोणालाही यावी.

सरकारने या प्रश्नाकडे लक्ष दिले ते १८५७ नंतरच्या अंमलात, आणि त्याचे पहिले धागे योगायोगाने पुण्याशी जुळलेले आहेत. लष्करी पशुवैद्य हॅलन याने १८६२ मध्ये पुण्यात पशुवैद्यकाची शाळा उघडली, आणि १८६८ मध्ये हिंदुस्थानातील गुरांच्या साथींची चौकशी करण्यासाठी जे कमिशन नेमले गेले, त्याच्या अध्यक्षपदी हाच हॅलन होता. कमिशनचा अहवाल १८७१ मध्ये निघाला. पुढे १८८६ मध्ये परळ येथे मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याला लागूनच दिनशा माणेकजी पेटिट यांच्या औदार्याने उभे राहिलेले बाई साकरबाई यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ होते. आणि ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. आज इज्जतनगर येथे जी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था आहे, तिचे हे मूळ. आल्फ्रेड लिंगार्ड हा तिचा पहिला प्रमुख. अत्यंत संसर्गजन्य रोगांवर प्रयोग करायचे तर वस्तीपासून दूर आणि थंड हवेचे ठिकाण हवे, या विचाराने १८९३ मध्ये प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. १८९७ मध्ये रॉबर्ट कॉख स्वतः तेथे येऊन गेला.

मुक्तेश्वरला जे पहिले औषध तयार झाले, ते लस नव्हे, रक्तजल होते. बुळकांडीतून वाचलेल्या जनावराच्या रक्तात रोगाला अटकाव करणारी द्रव्ये असतात. त्या रक्ताचा गाळलेला निवळ भाग दुसऱ्या जनावराला टोचला की ते काही दिवस सुरक्षित राहते. काही दिवसच. साथ पंधरवडाभर रेंगाळली की संरक्षण सरून जाई. म्हणून पुढे रक्तजल आणि जिवंत विषाणू असलेले रोगी रक्त एकाच वेळी दोन बाजूंना टोचण्याची रीत आली. हिने कायमची प्रतिकारशक्ती मिळे, पण त्या रोगी रक्तातून रक्तपेशींत राहणारे दुसरेच परजीवी निरोगी गुरात शिरत, आणि एका रोगापासून वाचविलेले जनावर दुसऱ्या रोगाने जाई. देवी काढणारा गावात आल्याचे कळताच पोरांना घेऊन रानात लपणाऱ्या आयांप्रमाणे, गुरांना टोचणारा आला की बैल घेऊन डोंगर चढणारे शेतकरीही होते. त्यांच्या भीतीला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे मला न्याय्य वाटत नाही. त्यांनी जे पाहिले होते, ते खरे होते. सुई टोचल्यानंतर बिघडलेले जनावर त्यांच्याच गोठ्यातले होते.

मात्र सुईने होणाऱ्या अपायांचे प्रकार भिन्न आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाल्यामुळे पुष्कळ घोटाळे झाले. एक प्रकार अशुद्धतेचा. १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे प्लेगची लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. लस परळच्या प्रयोगशाळेची होती, म्हणून तिचा जनक हाफकिन याला पदावरून दूर व्हावे लागले, आणि तो निर्दोष ठरण्यास पुढे काही वर्षे जावी लागली. दुसरा प्रकार लशीतील जिवंत जंतूच अधिक प्रबळ ठरण्याचा. आणि तिसरा, सर्वांत गूढ, तो वावड्याचा: लस शुद्ध, जंतू मेलेले किंवा दुबळे, मात्रा योग्य, आणि तरीही सुई काढल्यावर काही क्षणांतच जनावर थरथरू लागते.

या तिसऱ्या प्रकाराचा छडा लागला तो त्याच १९०२ सालात, फ्रान्समध्ये. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोघे समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना टोचून ती त्याला सरावतात की काय, हे पाहत होते. नेप्च्यून नावाच्या कुत्र्याला पहिल्या अल्प मात्रांनी काहीच झाले नाही. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा मात्रा दिली, तेव्हा तो धापा टाकू लागला, कोसळला, आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. ज्याने शरीर सावध व्हावे अशी अपेक्षा होती, त्यानेच ते घायकुतीला आले होते. रिशेला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या शोधासाठी. १९०५ मध्ये फॉन पिर्केट आणि शिक या व्हिएन्नातील वैद्यांनी घोड्याचे रक्तजल टोचलेल्या मुलांचे अंग सुजते, सांधे दुखतात, अंगावर गांधी उठतात, हे तपशीलवार नोंदविले. घोड्याच्या रक्तातील प्रथिने माणसाच्या शरीराला परकी होती, आणि शरीराचा रोष जितका रोगजंतूवर तितकाच त्या परकेपणावर होता. या एका गोष्टीवर पुढील सर्व प्रतिबंधाचा इतिहास उभा आहे. लस कोणत्या प्राण्याच्या शरीरातून निघून आली, तिच्यासोबत त्या प्राण्याचे काय काय आले, आणि घेणाऱ्याच्या शरीराने ते पूर्वी पाहिले आहे की नाही, हे तीन प्रश्न त्यानंतर प्रत्येक टोचणाऱ्याने विचारायला हवे होते.

आपल्याकडे या प्रश्नांची किंमत माणसांनीही मोजली. पिसाळलेला कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने ज्यांना आठवतात, त्यांनी हे जाणून घ्यावे की डेव्हिड सेंपल याने १९११ च्या सुमारास कसौलीला सिद्ध केलेली ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे, आणि मेंदूच्या त्या अंशामुळे क्वचित एखाद्या रोग्याच्या स्वतःच्याच मज्जातंतूंवर शरीर उलटे आणि त्याला पक्षाघात होई. २००४ च्या अखेरीस या लशीचे उत्पादन आपल्या देशात थांबले. भातखाचरात घोणस किंवा फुरसे चावलेल्या माणसाला घोड्याच्या रक्तजलापासून केलेले प्रतिविष देताना आजही ॲड्रिनलीन सुईत भरून उशाशी ठेवतात. आधी कातडीखाली थेंबभर टोचून पाहण्याची जुनी रीत मात्र सोडून दिली गेली आहे, कारण त्या चाचणीवरून पुढचे काही कळत नाही, असे अनुभवाला आले. ॲड्रिनलीन हे औषध जपानी रसायनज्ञ जोकिची ताकामिने याने शतकाच्या आरंभी शुद्ध रूपात वेगळे केले. वावड्याच्या आघातावर त्याच्या तोडीचे दुसरे औषध अद्याप नाही.

गुरांकडे परत येऊ. १९२० नंतरच्या दशकात मुक्तेश्वर येथे जे. टी. एडवर्ड्स याने बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या शरीरातून पिढ्यान्‌पिढ्या नेऊन दुबळा केला, आणि शेळीच्या प्लीहेपासून तयार झालेली ती लस एका टोचणीत दीर्घकाळ संरक्षण देऊ लागली. स्वस्त, सुकवून दूर नेता येणारी, एकदाच टोचायची. मैदानी देशी बैलांना ती मानवली. परंतु परदेशी रक्ताच्या व संकरित गाईंना, काही डोंगरी जातींना आणि काही भागांतील म्हशींना ती जड जाई. ताप कडक येई, गाभण जनावर गाभडे, रक्तात दडून बसलेला जुना परजीवी उफाळून येई. अशा जनावरांसाठी सशांच्या शरीरातून नेलेली सौम्य लस वेगळी राखावी लागली. एकच मात्रा सर्वांना सारखी नव्हे, ही जाणीव टोचणीच्या इतिहासात येथे प्रथम ठसठशीतपणे उमटलेली दिसते. खरे वावडे मात्र या लशीने फारसे निर्माण केले नाही, आणि त्याचे कारण विचार करण्याजोगे आहे: ती आयुष्यात बहुधा एकदाच टोचली जाई. पहिल्या भेटीत शरीर फक्त ओळख करून घेते. ते उसळते पुढच्या भेटीला.

येथे एका अगदी निराळ्या प्राण्याची गोष्ट सांगणे अवश्य आहे, जो वैशाखऱ्याच्या रानात कधी आला नाही, पण ज्याचा या इतिहासावर मोठा उपकार आहे. फेरेट हा बांध्याने मुंगसासारखा लांबुडका, पण कुळाने आपल्या नद्यांतील पाणमांजराचा सोयरा. युरोपातील एका रानप्राण्यापासून तो दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी माणसाने पाळीव केला आणि सशांच्या बिळांत शिरून त्यांना हुसकून काढण्याच्या कामी लावला. इंग्लंडमध्ये शिकारी कुत्र्यांची पिल्ले डिस्टेंपर नावाच्या तापाने मरत, तेव्हा ‘द फील्ड’ या नियतकालिकाच्या पुढाकाराने १९२३ मध्ये निधी उभा राहिला, आणि मिल हिल येथे लेडलॉ आणि डंकिन यांनी संशोधन सुरू केले. त्यांना आढळले की या रोगाने फेरेट कुत्र्याहूनही लवकर पछाडला जातो आणि जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून तो प्रयोगाचा प्राणी ठरला. कुत्र्यांची पहिली उपयुक्त लस त्याच्या बलिदानातून निघाली, आणि १९३३ मध्ये माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला तोही याच प्रयोगशाळेत, याच प्राण्यात. डिस्टेंपरचा विषाणू, गोवराचा विषाणू आणि बुळकांडीचा विषाणू हे एकाच गोत्राचे आहेत. म्हणजे मिल हिलच्या पिंजऱ्यातला फेरेट आणि मुरबाडच्या दावणीतला बैल हे भाऊबंद शत्रूंशी झुंजत होते.

पुढे अमेरिकेत फेरेट घरोघर हौसेने पाळला जाऊ लागला, तेव्हा त्याला लस टोचण्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला, आणि पूर्वी सांगितलेल्या अपायांपैकी दुसरा आणि तिसरा असे दोन्ही धोके त्याच्या इवल्या देहात एकत्र आले. कुत्र्यांसाठी दुबळा केलेला जिवंत विषाणू त्याला दुबळा नव्हता. १९७२ मध्ये, नामशेष होऊ घातलेल्या काळ्या पायांच्या रानफेरेटांना पॅटक्सेंट येथील सरकारी केंद्रात वाचविण्यासाठी लस टोचली, तेव्हा सहांपैकी चार त्या लशीतल्याच रोगाने मेले. कोंबडीच्या अंड्यातील गर्भावर वाढविलेली लस या बाबतीत सुरक्षित ठरली, पण काही फेरेटांना तिचे वावडे निघाले. टोचल्यावर थोड्याच वेळात ओकारी, रक्ताची हगवण, लाळ, अंगावर लाली, मग मलूल होऊन कोसळणे, असा तो आघात असतो. बैलात हाच आघात फुप्फुसांवर पडतो आणि जनावर धापा टाकते. कुत्र्यात तो यकृतावर आणि आतड्यांवर पडतो. कारण एक, पण प्रत्येक जातीत शरीराचे निराळे अंग बळी जाते. २००५ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक फेरेटांच्या नोंदी तपासून जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात असे प्रसंग शंभरांत एकाहून कमी होते. परंतु आयुष्यात जितक्या टोचण्या अधिक, तितका पुढच्या टोचणीचा धोका अधिक, हेही त्यात स्पष्ट झाले. नेप्च्यूनने जे दाखविले होते, त्याचीच ही शतकानंतरची साक्ष.

त्यातून फेरेटांच्या वैद्यांनी जी शिस्त बसविली, ती साधी आहे आणि म्हणूनच अनुकरणीय आहे. डिस्टेंपरची आणि पिसाळरोगाची लस एका दिवशी द्यावयाची नाही. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावयाचे. ज्याला पूर्वी त्रास झाला असेल, त्याला हिस्टामिनविरोधी औषध टोचणीच्या आधी द्यावयाचे, आणि ते दिले म्हणून निर्धास्त मात्र व्हावयाचे नाही, कारण ते सौम्य आघात रोखते, प्रबळ आघात रोखीलच असे नाही. आघात तीव्र झालेला असेल तर पुन्हा ती लस टोचावी की नाही, याचाच मुळापासून विचार करावयाचा. ॲड्रिनलीन हाताशी ठेवावयाचे. आणि टोचल्यानंतर किमान अर्धा तास प्राण्याला दवाखान्यातून हलवावयाचे नाही, कारण बहुतेक तीव्र आघात त्या अवधीतच येतात. २००१ च्या सुमारास कॅनरी पक्ष्याच्या देवीच्या विषाणूवर डिस्टेंपरचा अंश बसवून फेरेटांसाठी नवी लस निघाली. तिच्यात जिवंत डिस्टेंपर मुळीच नसतो. २०१८ च्या शरदात गीरच्या जंगलात दलखाणिया भागात तेवीस सिंह दगावले आणि त्यांतील काहींत डिस्टेंपर आढळला, तेव्हा गुजरात सरकारने अमेरिकेहून तातडीने जी लस आणविली, ती हीच होती. सिंहांच्या रक्षणासाठी फेरेटची लस आली, कारण परक्या जातीच्या अंगात रोग उलटू न देणारी लस म्हणून तिचा लौकिक झालेला होता.

बुळकांडीचा शेवटही अशाच एका शुद्धतर लशीने झाला. वॉल्टर प्लोराइट आणि त्याचे सहकारी यांनी केनियात १९६० च्या सुमारास वासराच्या मूत्रपिंडातील पेशींवर विषाणू वाढवून जी लस तयार केली, ती देशी, संकरित, गाभण, वासरू, कोणालाही जड जात नसे. भारतात १९५४ पासून बुळकांडी-निर्मूलनाची योजना सुरू होती. आधी शेळीची आणि मग पेशींवरची लस घेऊन हजारो टोचणारे खेडोपाडी हिंडले. देशातील शेवटची साथ १९९५ ची. २०११ मध्ये हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. माणसाच्या देवीनंतर असे भाग्य लाभलेला हा एकमेव रोग. शहापूर-मुरबाडच्या आजच्या तरुण गोठेवाल्याने बुळकांडी पाहिलेली नाही, आणि त्याच्या आज्याला तिचे नाव काढलेले खपत नसे.

परंतु त्याच्या गोठ्यात सुई येण्याचे थांबलेले नाही. उलट ती अधिक वेळा येते. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्या, आणि वर्षातून दोनदा लाळ-खुरकत. २०१९ च्या सप्टेंबरात केंद्र सरकारने लाळ-खुरकताची देशव्यापी मोहीम हाती घेतल्यापासून जनावराच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला आला आणि प्रत्येक टोचणी संगणकाच्या दप्तरात चढू लागली. २०२२ मध्ये लंपी आली, तेव्हा राज्यभरचे जनावरांचे बाजार बंद ठेवण्याचे हुकूम निघाले आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. लाळ-खुरकताची लस हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींवर वाढविलेली असते; तिच्यातील त्या पेशींचे आणि इतर प्रथिनांचे अंश जितके गाळून काढावेत तितके वावड्याचे प्रसंग घटतात, हा युरोपचाही अनुभव आहे. पण बुळकांडीची लस एकदाच टोचायची होती आणि ही दर सहा महिन्यांनी. दहा वर्षांच्या गाईच्या शरीराची या परक्या प्रथिनांशी वीस वेळा भेट झालेली असते. फेरेटांच्या नोंदींनी दिलेला इशारा येथे लागू पडतो, असे मला वाटते.

मोहिमेचा दिवस वैशाखऱ्यासारख्या गावी कसा जातो, हे पाहण्यासारखे आहे. पशुधन पर्यवेक्षक बर्फाची पेटी दुचाकीच्या मागे बांधून सकाळी येतो. अवखळ बैलाला खोड्यात घालतात, गरीब गाय मालकिणीच्या हातानेच उभी राहते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई जाते, बिल्ल्याचा आकडा वाचून लिहिला जातो, आणि माणूस पुढच्या दावणीकडे वळतो. चार महिन्यांखालची वासरे आणि गाभणपणाच्या अखेरच्या दिवसांतील गाई वगळायच्या असतात, ताप असलेले जनावर मागे ठेवायचे असते, आणि हे मालकाने सांगितल्याखेरीज कळत नाही. त्याच्यापुढे पाडे आणि वाड्या अनेक, घरे डोंगरावर विखुरलेली, बर्फ दुपारपर्यंतच टिकणारा. ‘टोचलं की दूध आटतं’ ही तक्रार त्याला घरोघरी ऐकू येते आणि ती पूर्ण खोटी नसते; दिवस-दोन दिवस दूध कमी होते, टोचल्या जागी गाठ येते, अंग तापते. हे वावडे नव्हे, हे शरीराचे काम चालू असल्याचे लक्षण आहे, हे त्याने उभ्याउभ्या सांगितले तर लोक ऐकतात. पण जी गाय सुईनंतर दहा मिनिटांत तोंडाला फेस आणून धापू लागते, जिच्या पापण्या आणि नाकपुड्या सुजतात, जिच्या अंगावर गांधी उठतात, तिच्यासाठी समजूत उपयोगाची नाही. तेथे ॲड्रिनलीन हवे, आणि ते टोचणारा हात अजून त्याच पाड्यावर असायला हवा.

म्हणून घरोघर हिंडण्याच्या पद्धतीपेक्षा जुनी, एकत्र जमविण्याची पद्धत मला श्रेयस्कर वाटते. पूर्वी शेळीच्या लशीचे टोचणारे येत, तेव्हा पाटलाच्या सांगण्यावरून सारी गुरे गावठाणात किंवा कोंडवाड्याजवळ एके ठिकाणी आणली जात. त्यामागचा हेतू केवळ श्रम वाचविण्याचा होता. तथापि रांगेतील शेवटच्या जनावराला सुई लागेपर्यंत पहिल्या जनावराचा अर्धा तास आपोआप भरत येई आणि सारी गुरे एका माणसाच्या नजरेच्या टप्प्यात राहत. रोगाची साथ चालू असताना गुरे एकत्र आणणे घातक, हे खरे. पण साथ नसलेल्या दिवसांतील नेमाच्या टोचणीला ही अडचण नाही. जेथे घरे फारच दूर आहेत, तेथे एका वाडीचे काम संपल्यावर कागदपत्र त्याच वाडीत बसून पुरे करावे, आणि निघण्यापूर्वी पहिल्या गोठ्यात पुन्हा डोकावून जावे, इतके तरी करता येते.

दुसरी गोष्ट दप्तराची. कानातल्या बिल्ल्याच्या आकड्यापुढे लशीचे नाव, बाटलीचा क्रमांक आणि तारीख चढते. त्या ओळीतच, टोचल्यावर जनावराला काही झाले काय, किती वेळाने झाले, कोणते औषध दिले, हेही चढले पाहिजे. पुढच्या सहामाहीला दुसराच पर्यवेक्षक येईल, गाय म्हशाच्या बाजारातून दुसऱ्याच गावी विकली गेलेली असेल, आणि मालक नवा असेल. त्या नव्या गोठ्यात सुई लावण्याआधी ज्याने ती ओळ वाचली, तो लस टोचण्यापूर्वी थांबेल, दवाखान्याच्या डॉक्टरांना विचारील, दोन लशी एका दिवशी देणार नाही, आणि टोचलीच तर ॲड्रिनलीनची कुपी पेटीतून आधी बाहेर काढून ठेवील.